अप्पा कॅप्टन नव्हते

माझे सासरे छापलेलं काहीही अर्धवट वाचून सोडत नाहीत. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, कुकरबरोबर आलेली पुस्तिका, लग्नपत्रिकेतली सगळ्या काका-मामांची नावं, सगळं ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यामुळे क्रूझवाल्यांनी ‘प्रवाशांसाठी सूचना’ पाठवल्या, तेव्हा आमच्या घरात त्या फक्त त्यांनी वाचल्या.

मी मूळची सांगलीची. नोकरीसाठी चेन्नईत आले आणि एका तंजावरी मराठी घरात सून झाले. सासऱ्यांना अप्पा आणि सासूबाईंना अम्मा म्हणायचं हे पहिल्याच दिवशी कळलं. त्यांची मराठी अंगवळणी पडायला मात्र बराच वेळ गेला. ते ‘मला’ऐवजी ‘मज’ म्हणतात, ‘कशाला’ऐवजी ‘कशास’, आणि वाक्य मराठीत सुरू करून तमिळमध्ये संपवतात. माझी मराठी त्यांना अजूनही टीव्हीवरच्या बातम्यांसारखी वाटते.

अप्पांची सगळी नोकरी चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी झाली, गणवेश शिवणाऱ्या सरकारी कारखान्यात. ते शिवत नसत, शिवून आलेला माल तपासत. कॉलर सरळ आहे का, काजं नीट शिवली आहेत का, दोन्ही खिसे एका रेषेत आहेत का. निवृत्त झाल्यावरही लिफ्टमध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या खिशाकडे ते असे टक लावून बघतात की तो माणूस पाकीट चाचपतो.

माझ्या नवऱ्याच्या मनात फार दिवसांपासून होतं की आईवडलांना एकदा समुद्रावर न्यायचं. चेन्नईच्या बंदरातून निघायचं, श्रीलंकेला एक चक्कर मारायची आणि परत यायचं, अशी एक छोटी सफर आम्ही ठरवली. सूचनांचं पान आलं. दिवसा आरामशीर कपडे चालतील. संध्याकाळी भोजनगृहात बर्मुडा, बनियन, रबरी चपला चालणार नाहीत. अंघोळीचा झगा घालून केबिनबाहेर फिरू नये. पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवू नये. आणि दुसऱ्या संध्याकाळी औपचारिक भोजन, त्यासाठी सूट किंवा राष्ट्रीय पोशाख.

“मजजवळ सूट नाही,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, ते कोणी पाळत नाही,” नवरा म्हणाला.

“मग छापले कशास?”

दुसऱ्या दिवशी अप्पा जॉर्ज टाउनला गेले. बंदराजवळच्या एका बोळात त्यांच्या ओळखीचा एक जुना शिंपी आहे. एके काळी बोटींवरच्या साहेबलोकांचे कपडे तो शिवायचा. अप्पांनी त्याला एवढंच सांगितलं की बंदगळ्याचा पांढरा सूट हवा आणि तो बोटीवर घालायचा आहे. त्यानेही पुढे काही विचारलं नाही.

सूट घरी आला. पांढराशुभ्र, कडक, अंगावर बेतल्यासारखा. पुढे सोनेरी बटणं, बटणांवर छोटे नांगर, आणि दोन्ही खांद्यांवर काळ्या पट्ट्या, त्यांवर सोनेरी फीत.

अम्मा हसू दाबत म्हणाल्या, “अय्यो, लग्नातल्या बँडवाल्यासारखे दिसता तुम्ही.”

“अप्पा, ह्या पट्ट्या कशाला?” नवऱ्याने विचारलं.

“त्यास ठाऊक असेल,” अप्पा म्हणाले. “बोटीवर काय घालतात ते मज माहीत की त्यास?”

त्यांनी आरशात पाठ, बाह्या, खिसे सगळं तपासलं. शिवणात खोट नव्हती. पट्ट्या राहिल्या.

आम्ही बोटीवर चढलो त्या दुपारी अर्धं चेन्नई सुट्टीवर निघाल्यासारखं वाटत होतं. जॉर्ज टाउनच्या भांडी-बाजारातल्या व्यापाऱ्यांचा एक मोठा गट होता, कंपन्यांच्या सहली होत्या, नवी जोडपी होती, आणि सगळ्यांनी चढता चढताच बर्मुडा घातलेल्या होत्या. अप्पा तपकिरी पँट आणि इस्त्रीचा शर्ट घालून होते. पहिल्याच जेवणात हिंदकळलेलं सांबार त्यांच्या पँटवर सांडलं आणि ती पँट बोटीवरच्या धोब्याकडे गेली. आता त्यांच्याजवळ राहिला पांढरा सूट आणि रात्री झोपताना नेसायची वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं पांढरं धोतर. तपकिरी पँट उद्या संध्याकाळी मिळेल असं धोब्याने सांगितलं होतं. ती आम्हाला चेन्नईत उतरताना मिळाली.

पहिल्या संध्याकाळी अप्पा सुटाची पांढरी पँट आणि शर्ट घालून भोजनगृहात आले आणि दारातच थांबले. आत बर्मुडा होत्या. बनियन होते. रबरी चपलांचा चपाक चपाक आवाज सगळीकडे होता. एक गृहस्थ तर अंघोळीचा पांढरा झगा घालून, कमरेला गाठ मारून, शांतपणे पनीर वाढून घेत होते. दारावरचा तरुण कर्मचारी प्रत्येकाला हसून नमस्कार करत होता.

अप्पांनी त्याला इंग्रजीत विचारलं, “तुमच्या सूचनांमध्ये हे चालत नाही असं लिहिलंय ना?”

“हो सर. पण पाहुण्यांना आम्ही नाही म्हणत नाही.”

“मग कोण म्हणणार?”

तो पुढच्या पाहुण्याला नमस्कार करायला वळला. अप्पा जेवले, पण त्यांचं लक्ष ताटात नव्हतं.

दुसरी संध्याकाळ औपचारिक भोजनाची. अम्मांनी कांजीवरम नेसायला घेतली, पण बोट जरा हलत होती आणि निऱ्या काही केल्या एकसारख्या येईनात. मी खाली बसून निऱ्या धरत होते, नवरा पिना देत होता. अप्पा सूट घालून केव्हाच तयार होते. ते म्हणाले, “मी पुढे जातो, दाराशी थांबतो. तुम्ही या.”

आम्हाला यायला चांगलाच उशीर झाला. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर जे दिसलं ते समजायला मला वेळ लागला. भोजनगृहाच्या दाराशी अप्पा हात मागे बांधून, ताठ उभे होते. त्यांच्यासमोर रांग होती. भांडी-बाजारवाल्यांतला एक भरदार व्यापारी, गुडघ्यापर्यंतच्या फुलाफुलांच्या बर्मुडात, हात जोडून म्हणत होता, “सॉरी, कॅप्टन सर. पाच मिनिटांत बदलून येतो.”

“सरी, सरी,” अप्पा तमिळमध्ये म्हणाले, म्हणजे ठीक आहे. “या. घाई नको.”

तो पळत पळत गेला. त्याच्या मागे त्याचे चार मित्रही गेले. पुढच्या माणसाला अप्पांनी काही सांगितलंच नाही, नुसतं त्याच्या चपलांकडे बघितलं. तो आल्या पावली मागे फिरला. एका नवऱ्या मुलाचा टाय वाकडा होता, तो अप्पांनी सरळ केला आणि त्याच्या बायकोने वाकून अप्पांच्या पायांना हात लावला. झगेवाले गृहस्थ लांबून आले, अप्पांना बघून थबकले आणि कोपऱ्यावरूनच परतले.

मी घाबरून जवळ गेले. “अप्पा, हे काय चाललंय? लोक तुम्हाला कॅप्टन समजताहेत!”

“मी कोणास सांगितले नाही,” अप्पा हळूच म्हणाले. “ते विचारतात, आत जाऊ का. मी सांगतो, ह्या कपड्यांत नको. पानावर लिहिले आहे तेच सांगतो.”

“पण सांगा ना त्यांना, की तुम्ही प्रवासी आहात!”

“त्यांनी विचारले तर सांगेन.”

कोणीच विचारलं नाही. विचारत होते ते वेगळंच. तलावातलं पाणी एवढं खारट का? आमच्या केबिनमधला एसी गळतो, बघाल का? आज रात्री वादळ आहे का? अप्पा खिडकीतून समुद्राकडे बघून म्हणाले, “नाही.” समुद्र खरंच शांत होता. एसीच्या तक्रारीवर त्यांनी “पाक्कलाम” म्हटलं, म्हणजे बघू या. तमिळमध्ये हा शब्द अर्ध्या चेन्नईचा कारभार चालवतो आणि त्यातून कोणाला काहीच मिळत नाही. पण खांद्यावर पट्ट्या असलेल्या माणसाने उच्चारला की तो हुकूम वाटतो.

मग फोटो सुरू झाले. एक कुटुंब अप्पांच्या दोन्ही बाजूंना उभं राहिलं. कांजीवरम सावरत अम्मा अप्पांच्या शेजारी गेल्या, तशी फोन धरलेली मुलगी म्हणाली, “आंटी, जरा बाजूला व्हा ना, कॅप्टनसरांचा फोटो घेतोय.”

“मी ह्यांची बायको,” अम्मा चिडून म्हणाल्या.

मग कुणीतरी मागून ओरडलं, “कॅप्टनच्या मिसेस बोटीवर आहेत!” आणि अम्मांना ओढून मध्यभागी उभं केलं गेलं. नुसत्या बायको म्हणून गेलेल्या अम्मा मिसेस कॅप्टन होऊन परत आल्या. कपाळावरचा घाम टिपत त्या मला म्हणाल्या, “बघ गे, माझी साडी नीट आली का फोटोत? मघा निऱ्या सुटत होत्या.” बँडवाल्याची गोष्ट त्यांनी नंतर कधी काढली नाही.

त्या रात्री भोजनगृह जाहिरातीतल्या चित्रासारखं दिसत होतं. सगळे सुटाबुटात, साड्यांमध्ये, पाय बुटांत. दारावरचा तरुण तर आनंदाने फुलून गेला होता. त्याने आमच्या टेबलावर न मागता दोनदा आइसक्रीम आणून ठेवलं. वरच्या मजल्यावरच्या साध्या उपाहारगृहात मात्र, जिथे कपड्यांचा काही नियम नव्हता, ज्यांच्याजवळ बदलायला काही नव्हतं ते सगळे एकदम जाऊन थडकले होते. तिथले डोसे संपले, मग पाव संपला, मग म्हणे ताटंही संपली.

सकाळी अप्पा नाश्त्याला निघाले ते वेष्टी नेसून. सूचनांमध्ये नाश्त्याला ‘आरामशीर कपडे’ म्हटलं होतं आणि वेष्टीपेक्षा आरामशीर त्यांना काही माहीत नाही. त्यांच्यामागून मीही गेले. दाराशी तो भरदार व्यापारी उभा होता, काल फुलांच्या बर्मुडात होता तोच. आज सकाळीच त्याने सूट आणि टाय चढवला होता. वेष्टीतल्या म्हाताऱ्याकडे बघून त्याने मायेने आवाज खाली आणला.

“पेरियवर,” तो म्हणाला. तमिळमध्ये वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणतात. “वेष्टी नेसून आत नका जाऊ. ह्या बोटीचा कॅप्टन फार कडक आहे.”

अप्पांनी विचारलं, “कोण कॅप्टन?”

“पांढरी मिशी आहे, उंच आहे. काल मला परत पाठवलं त्यांनी. बरोबरच केलं.”

अप्पांची पांढरी मिशी त्याच्या नाकासमोर होती.

“वेष्टीबद्दल ते काही म्हणाले?”

“म्हणाले नाहीत. पण त्यांना आवडणार नाही. मी ओळखतो त्यांना.”

अप्पांनी थोडा विचार केला आणि ते वळले. मी त्यांचा हात धरला. “अप्पा, सांगा ना त्याला की काल तुम्हीच होता!”

“कॅप्टन मी, असे सांगू?”

“नाही, म्हणजे...”

“मग काय सांगू? तो नियम चुकीचा सांगतो, पण पाळतो आहे मनापासून. त्यास कशास दुखवायचे?”

त्यांनी केबिनमध्ये बसून माझ्या पर्समधली बिस्किटं खाल्ली. अम्मांनी कपाळाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवरा पलंगावर पडून हसत होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात एक तरुण अधिकारी मुलगी होती. तिचा गणवेश पांढरा, खांद्यांवर काळ्या पट्ट्या. बोटीवरच्या पाहुण्यांची व्यवस्था तिच्याकडे होती. आम्ही चौघं एका ओळीत उभे राहिलो. आता बोट कुठे तरी थांबवून आपल्याला उतरवणार, असंच मला वाटलं.

“सर,” ती फार अदबीने म्हणाली, “कालपासून आमच्याकडे पाहुणे येताहेत. म्हणताहेत, कॅप्टनने एसी दुरुस्त करायचं कबूल केलंय. कोणाला मोठी केबिन कबूल केलीय. एकांनी तर विचारलं की बोट श्रीलंकेत अजून एक दिवस थांबणार, ते ठरलं का?”

“मी पाक्कलाम म्हटले,” अप्पा म्हणाले.

मुलगी चेन्नईचीच निघाली. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. “कळलं, सर. आमची विनंती एवढीच, की आज दाराशी उभे राहू नका. आणि ह्या पट्ट्या... प्रवाशांनी अशा घालू नयेत.”

“हे सूचनांत लिहिलेले नाही,” अप्पा म्हणाले.

“नाही, सर. असं कोणी करेल हे कोणाला सुचलंच नव्हतं.”

अप्पांना ते पटलं. न लिहिलेला नियम मोडला याचं त्यांना वाईट वाटलं. ती गेल्यावर त्यांनी स्वतःच कोट अम्मांपुढे ठेवला. कात्री बोटीवर आणू देत नाहीत, म्हणून अम्मांनी नखं कापायच्या यंत्राने एकेक टाका तोडत पट्ट्या काढल्या. शिंप्याने इतकं पक्कं शिवलं होतं की दुपार त्यात गेली. मग अप्पांनी बटणांकडे बघितलं. नांगराची बटणं तरी कशाला? तीही काढली. काल सगळ्यांना सुटात यायला लावल्यावर आज नुसत्या शर्टात जाणं अप्पांना पटेना. आता कोट पुढून उघडा राहिला, तो अम्मांनी साडीच्या पिनांनी बंद केला. आरशात बघताना अप्पा पहिल्यांदाच काही तपासायला पुढे झाले नाहीत. ते नुसते बघत राहिले.

“जेवायला नको जायला,” ते म्हणाले.

“सकाळपासून बिस्किटांवर आहात,” अम्मा म्हणाल्या. “चला.”

आम्ही भोजनगृहात शिरलो आणि बोलण्याचा आवाज हळूहळू कमी झाला. अप्पांना आज सगळ्यांनी ओळखलं. पण त्यांच्या खांद्यांवर पट्ट्यांच्या जागी फक्त दोऱ्यांची भोकं होती आणि छातीवर पिना. भांडी-बाजारवाल्यांच्या टेबलावर कुजबूज सुरू झाली. मग तो भरदार व्यापारी उठून आमच्यापाशी आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“सर, कोणी केलं हे? तुमच्या पट्ट्या कोणी काढल्या?”

“बायकोने,” अप्पा म्हणाले.

त्याला ते ऐकू गेलं नाही, किंवा पटलं नाही. “कपड्यांचा नियम पाळायला लावला म्हणून काढलं तुम्हाला? वरच्या मजल्यावरच्या लोकांनी तक्रार केली असणार!” तो वळून सगळ्यांना उद्देशून म्हणाला, “ऐका! आपल्या कॅप्टनला कामावरून काढलंय!”

सगळीकडे एकच कल्ला झाला. कोणी म्हणालं हा अन्याय आहे, कोणी म्हणालं आम्ही जेवणार नाही. एक बाई किंचाळल्या, “मग आत्ता बोट कोण चालवतंय?” हा प्रश्न ऐकून हॉलभर घबराट पसरली. दोघंतिघं जीवरक्षक जाकिटं कुठे असतात ते विचारायला लागले. दारावरचा तरुण धावत गेला.

थोड्या वेळाने खरे कॅप्टन आले. मध्यम उंचीचे, टक्कल पडलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ. काम अर्धवट टाकून आले असावेत, कारण चष्मा कपाळावरच होता. त्यांनी माइक घेतला. “मित्रहो, मी ह्या बोटीचा कॅप्टन. सगळं व्यवस्थित आहे.”

कोणाचाच विश्वास बसला नाही.

“अर्ध्या बाह्या?” झगेवाले गृहस्थ मागून म्हणाले. आज ते सुटात होते. “कॅप्टन अर्ध्या बाह्यांत?”

खऱ्या कॅप्टननी आपल्या बाह्यांकडे बघितलं. ती अधिकारी मुलगी त्यांच्या कानाला लागली आणि दोघांनी आमच्या टेबलाकडे बघितलं. कॅप्टन चालत आले, अप्पांपुढे थांबले आणि माइक पुढे केला. “सर, कृपा करून तुम्ही सांगाल का?”

अप्पा उठले. एक पीन निसटून ताटात पडली. त्यांनी कोट हाताने धरला. त्यांना कधी चार माणसांपुढे बोलताना मी पाहिलं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभातही ते फक्त थँक्यू म्हणाले होते.

“हे कॅप्टन,” ते माइकमध्ये तमिळमध्ये म्हणाले. “हेच. मी कॅप्टन नाही. मी प्रवासी आहे, आवडीच्या कारखान्यात कपडे तपासायचो. तुम्ही मला विचारलं, मी पानावर लिहिलेलं सांगितलं. एसीचं मला काही कळत नाही. बोट हे चालवतात, आणि चांगली चालवतात.”

आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. खऱ्या कॅप्टनने सांगून पटलं नव्हतं ते अप्पांनी सांगितल्यावर एका क्षणात पटलं. जाकिटं शोधणारे खाली बसले. फक्त तो व्यापारी उभाच होता.

“म्हणजे मला परत पाठवायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता?” तो म्हणाला.

“नव्हता,” अप्पा म्हणाले. “पण सूट तुम्हाला शोभतो.”

त्याने खाली स्वतःकडे बघितलं, टाय चाचपला, आणि आपल्या टेबलावर परत गेला. रागावला की सुखावला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे चेन्नईत उतरताना रांगेत तो आमच्या बरोबर मागे होता. आता पुन्हा बर्मुडात. त्याने अप्पांकडे न बघता अम्मांची जड बॅग उचलली आणि खालपर्यंत आणून दिली.

त्या संध्याकाळी, भोजनगृहातून जाता जाता, कॅप्टन अप्पांशी दोन शब्द बोलले. मी जवळच होते. ते म्हणाले, “तुम्ही एका संध्याकाळी जे केलंत ते माझ्या माणसांना कधी जमलं नाही. पण परत करू नका.” अप्पांनी मान हलवली. मग खाली बसले आणि वाढप्याला म्हणाले की भात आणि रसम मिळेल का, साधंच. आदल्या संध्याकाळपासून मी त्यांच्याबरोबर चालताना थोडी मागे राहत होते, कोणी आम्हाला एकत्र पाहू नये म्हणून. आता मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि कोटाची निसटलेली पीन परत लावून दिली.